न्यूझीलंड हद्दीबाहेर

माझ्या नोकरीचं नाव एका दमात सांगता येत नाही, हे तिचं पहिलं दुखणं. 'जागतिक नागरिकत्व व शाश्वत विकास शिक्षण, प्राथमिक विभाग, क्षेत्र समन्वयक, जुन्नर-आंबेगाव.' हळदीकुंकवाला कुणी विचारलं की काय करता, तर माझं उत्तर 'शाश्वत'पर्यंत पोचेतो विचारणारीची ओटी भरून झालेली असते. माझ्या सासूबाईंनी, साळुबाईंनी, त्यावर आपल्यापुरता तोडगा काढलाय. "आमची सून जगाचं बघती," असं त्या सांगतात. त्यावर बायका एकमेकींकडे बघतात आणि कुणीतरी विचारतंच, "आन् घरचं?"

दुसरं दुखणं म्हणजे ही नोकरी पक्की नाही. पुण्याच्या एका संस्थेची आहे, वर्षावर्षानं वाढवून मिळते. संस्थेतली बाकीची मंडळी शिकलेली. कुणी पर्यावरणात एम.ए., कुणी परदेशात राहून आलेलं. मी बारावी. पुढचं सगळं शिक्षण भाकऱ्या थापताना मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून झालेलं, त्यामुळे कुणी 'कार्बन' म्हटलं की मला अजून बाजरीच्या पिठाचा वास येतो. बैठकीत माझी पाळी आली की वाटतं, आता कुणीतरी उठून म्हणणार, या बाई इथं कशा? आजवर कुणी म्हटलेलं नाही. पण त्याची वाट बघण्यात किती वेळ जातो!

तरी सांगते, मला हे काम सोडायचं नव्हतं. तिसरीतली एखादी पोर जेव्हा खडू खाली ठेवून विचारते, "बाई, आपण टाकतो तो कचरा शेवटी कुणाच्या दारात जातो?" तेव्हा माझ्या छातीत जे होतं ते मला संसारात फार वेळा झालेलं नाही. हे आमच्या ह्यांना सांगू नका.

तर पुण्याहून प्रतिभा मॅडमचा फोन आला. येत्या शनिवारी त्या येणार. "एक उपक्रम दाखवा. मुलं हवीत, पालकही हवेत. लोकसहभाग दिसला पाहिजे. त्यावरूनच तुमचं केंद्र चालू ठेवायचं की बंद करायचं ते ठरेल." 'बंद' शब्दावर त्यांचा आवाज इतका मऊ झाला की मला घाम फुटला. पुण्याची माणसं वाईट बातमी फार मऊ आवाजात देतात.

मी आंबेगाव तालुक्यातली, निरगुडसरच्या पुढची एक वस्तीवरची शाळा निवडली. शाळेचं नाव लिहीत नाही. तिथल्या मुख्याध्यापकांनी, गोकुळ सरांनी, मला तशी शपथ घातलीय. माझा उपक्रम असा होता: ग्राउंडवर फक्कीनं, म्हणजे चुन्याच्या भुकटीनं, जगाचा मोठा नकाशा काढायचा, आणि प्रत्येक मुलाला एकेक देश सांभाळायला द्यायचा. तिथं पाणी किती, पिकतं काय, माणसं खातात काय, हे मुलानं शोधायचं, आणि शनिवारी घरच्यांना हाताला धरून आपल्या देशात न्यायचं. जग आपलंच आहे असं सगळ्यांना वाटायला लागेल. कागदावर हे इतकं गोड दिसत होतं की मला माझंच कौतुक वाटलं. इथंच मी सावध व्हायला पाहिजे होतं.

सावध झाले ते फक्त आमचे हे, रामनाथ. डेअरीवर दूध घालायला निघाले होते, ते किटली खाली ठेवून म्हणाले, "देश वाटनार? चिठ्ठ्या टाकून?"

"हो."

"आपल्यात चिठ्ठ्या टाकून म्हशी वाटल्या, तरी ती घरं अजून एकमेकांच्या लग्नाला जात न्हाईत."

मी म्हटलं, मुलं आहेत ती, त्यांना देश म्हणजे खेळ. हे बरोबरच होतं. पण मुलं संध्याकाळी घरी जातात, हे मी धरलं नव्हतं.

सोमवारी चिठ्ठ्या टाकल्या. मंगळवारी शाळेच्या दारात रखमाजी आबा उभे. शाळेला लागून त्यांचंच रान, आणि त्यांची नात हर्षाली तिसरीत.

"बाई, ह्ये वाटप कुणी केलं?"

"चिठ्ठ्या टाकल्या आबा."

"चिठ्ठ्यांच्या घड्या कुणी घातल्या?"

"मीच घातल्या."

"हां." ते 'हां' असं होतं की मला वाटलं मी जन्मभर घड्याच चुकीच्या घालत आले. "भिमाजीच्या नातवाला रशिया. भिंतीवरच्या नकाशात निम्मी भिंत त्यानंच खाल्लीया. आन् आमच्या हर्षालीला भूतान. बोटाखाली झाकतंय, बाई!"

इथं सांगायला पाहिजे की भिमाजी म्हणजे आबांचे सख्खे चुलतभाऊ. दोघांचं बांधावरून बिनसलेलं, इतकं जुनं की बोलणं बंद आहे. फार निकड पडली तर मध्ये तिसरं माणूस उभं करून त्याच्यामार्फत बोलतात. शौर्य हा भिमाजींचा नातू. हर्षाली आणि शौर्य एका बाकावर बसतात, एका डब्यात खातात, आणि शाळा सुटली की ठरल्यासारखे दोन वेगवेगळ्या वाटांनी घरी जातात.

"आबा," मी म्हटलं, "देश लहान-मोठा असण्यात काही नसतं."

"मंग त्यांना द्या की ल्हान."

यावर मला उत्तर सुचलं नाही. जगात पुष्कळ मोठ्या माणसांना सुचत नसेल असं नंतर मनाशी म्हटलं.

आबांच्या मागे रांगच होती. भिकाभाऊंच्या मुलाला मंगोलिया आला होता. "घरची जमीन जिरायत," भिकाभाऊ म्हणाले, "आता शाळंतबी जिरायतच? निम्मं वाळवंट हाय म्हनं. बरं, वाट कुठनं? एका अंगाला रशिया, दुसऱ्या अंगाला चीन. माल बाहेर काढायचा तर कुणाच्या दारात जाऊन उभं ऱ्हायचं?" ठमाबाई आल्या त्या नातीला जपान आला म्हणून. "तितं सारखी जमीन हालती म्हनं. येकुलती पोर हाय, दुसरं कायतरी द्या." मी म्हटलं, काकू, तिला तिथं राहायला जायचं नाहीये. त्या म्हणाल्या, "आज न्हाई म्हनताय. उद्या सरकारनं धाडलं तर?"

मी धीरानं समजावत होते. निदान तसं मला वाटत होतं. गोकुळ सर म्हणतात, मी पूर्ण वेळ साडीचा पदर पिळत होते. सगळ्यांच्या मागून आबा भिंतीवरच्या नकाशापाशी गेले होते. चष्मा लावून त्यांनी, वधूपित्यानं घराणं बघावं तसं, जग बघितलं. खाली उजव्या कोपऱ्यात त्यांचं बोट थांबलं.

"ह्ये कुणाचंय?"

"न्यूझीलंड. अजून कुणाला दिलेलं नाही."

"चारी अंगांनी पाणी. बांधाला बांध कुणाचा न्हाई. भावकी न्हाई." त्यांचा चेहरा इतका निवांत झाला की मला गलबलून आलं. "ह्ये द्या."

दिलं. एकाला बदलून दिल्यावर बाकीच्यांना नाही कसं म्हणणार? जपानवाली ब्राझीलला गेली, बरेच जण इकडचे तिकडे झाले. भिकाभाऊंना मात्र काही मिळेना. जे उरलं होतं त्याला समुद्र तरी नव्हता नाही तर पाऊस तरी. मी म्हटलं, वाटेचं बघू. 'बघू' हा शब्द मी इतक्या हलकेपणानं याआधी कधी वापरला नव्हता.

सगळे गेल्यावर हर्षाली दाराशी रेंगाळली. "बाई, मग भूतानकडं आता कोण बघणार?"

"मी बघते."

"रोज?"

"रोज."

ती गेली, आणि मी भूतानची झाले. राजधानीचं नाव शोधायला मोबाईल काढावा लागला.

पुढचं अडलं ते परवानगीशी. गोकुळ सर हा अत्यंत सज्जन आणि अत्यंत भित्रा माणूस. दुसऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर, त्यामुळे शिकवणं, खिचडी, पोरांचे आधार नंबर, सगळं त्यांच्याच डोक्यावर. "ग्राउंडवर परदेश काढायचे म्हणजे वरून विचारलं पाहिजे," असं म्हणून त्यांनी फोन लावला. वरच्यांनी त्याच्या वरच्यांना विचारायला सांगितलं. ते मीटिंगमध्ये होते.

"मीटिंग कशाची आहे, सर?"

"शाळांनी स्वतःहून उपक्रम करावेत याची."

परवानगी आली नाही, पण नकारही आला नाही. सरकारी भाषेत याला काय म्हणतात मला माहीत नाही. आम्ही गुरुवारी काढायचं ठरवलं.

आता नकाशा अंदाजानं काढायचा माझा विचार होता. तो मी राजुरीत, म्हणजे आमच्या गावी, शेजारच्या चिमाजी अण्णांसमोर बोलून बसले. अण्णा मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. मोजायला काही उरलं नाही म्हणून मध्यंतरी त्यांनी आमचा ओटाच मोजला आणि तो चार बोटं रस्त्यात गेल्याचं अख्ख्या आळीला सांगितलं. "अंदाजानं काढल्याली हद्द म्हंजे भांडान," अण्णा म्हणाले, "मी येतो." मी नको म्हटलं. ते शर्ट घालून आले.

गुरुवारी सकाळी स्कूटीवर मी, मागे अण्णा, मांडीवर टेपची पेटी, आणि हातात मोजणीच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या उंच काठ्या. नारायणगावच्या चौकात पोलिसानं आमच्याकडे बघितलं. सलाम ठोकावा की पावती फाडावी, हे त्याचं ठरेपर्यंत आम्ही मंचरच्या रस्त्याला लागलो होतो.

नकाशा निघू लागला. अण्णांनी काठ्या रोवल्या, पोरांना टेप धरायला लावली आणि नोकरीतला जुना आवाज काढला. "धर तिकडं! ताण! हद्द सोडू नगं! अजून आत घे, अजून आत!" मी कमरेत वाकून फक्कीच्या रेघा ओढत होते. युरोप झाला, आफ्रिका झाली. भारत झाला, तेव्हा गोकुळ सर माझ्या बाजूला येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, भारत लहान दिसतोय."

"सर, प्रमाणात आहे."

"प्रमाण तुम्हाला माहीत. कुणी फोटो काढून टाकला, तर माझी चौकशी प्रमाणात होणार नाही."

मी भारत पुसून मोठा काढला. सरांचं समाधान होईपर्यंत काढला. त्यानं म्यानमार सरकला, त्यानं चीन फुगवावा लागला, ऑस्ट्रेलिया मुलींच्या शौचालयाला जाऊन टेकला, आणि न्यूझीलंडला शाळेत जागाच उरली नाही.

शाळेला कुंपण नाही. उसातून बिबट्या येतो म्हणून ते मंजूर आहे, पण मंजूर असणं आणि असणं यात बरंच अंतर असतं. त्यामुळे ग्राउंड कुठं संपतं आणि आबांचं रान कुठं सुरू होतं, हे फक्त आबांनाच माहीत, आणि आबा लेकीकडे बेल्ह्याला गेले होते. बाभळीच्या पलीकडे एक पडीक पट्टी होती. मी म्हटलं, शनिवारपर्यंतचाच तर प्रश्न आहे. न्यूझीलंड तिथं काढला.

हर्षालीला फार आवडला. तिनं चिखलाची मेंढरं करून त्यात चरायला सोडली. एकेकाला शेपूट होतं.

रस्त्यावर एक मोटारसायकल थांबली होती. मग दुसरी. मग कांद्याचा एक टेम्पो. माणसं खाली न उतरता बघत होती, मोबाईल धरून होती. मला वाटलं, चला, लोकांना जगात रस आहे.

शुक्रवारी दिवेलागणीला गोकुळ सरांचा फोन आला. त्यांना बोलता येईना, म्हणून त्यांनी फोटोच पाठवला. वस्तीवरून बायपास जाणार अशी आवई आधीपासून होतीच, त्यात हा गावाच्या ग्रुपवर फिरत होता. काठी रोवून उभे असलेले अण्णा, आणि त्यांच्यापुढे फक्कीची पाटी घेऊन वाकलेली एक पाठमोरी बाई. खाली लिहिलं होतं: 'बायपासची मोजणी गुपचूप सुरू. चुना पडला. मोजणीच्या मॅडम फोटोत. उद्या सकाळी शाळेजवळ सर्वांनी जमावे. जमीन वाचवा.'

माझी पाठ इतकी रुंद आहे हे मला त्या दिवशी कळलं. पण ते दुःख बाजूला ठेवावं लागलं.

"मॅडमला कळीव, ताप आलाय," हे म्हणाले.

"कुणाला?"

"कुणालाबी. त्यांना, नायतर तुला."

सासूबाई म्हणाल्या, "खरं काय ते गावाला सांग की. जग हाय म्हनावं, रस्ता न्हाई." मी सरांमार्फत ग्रुपवर तसं टाकायला लावलं. 'सदर रेघा जगाच्या असून गैरसमज नसावा,' असं सरांनी लिहिलं. त्यावर उत्तर आलं: 'जगाच्या नावाखाली जमिनी लाटणाऱ्यांचा निषेध.' मी मॅडमना फोन करायला तीनदा मोबाईल उचलला आणि तीनदा ठेवला. रद्द केलं तर केंद्र बंद. येऊ दिलं तरी बंदच. फरक इतकाच की येऊ दिलं तर त्या ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून करतील.

शनिवारी सकाळची शाळा. मी पोचले तेव्हा ग्राउंडच्या कडेनं मोटारसायकली लागलेल्या, आणि माणसं इतकी, की गेल्या पंधरा ऑगस्टला त्याच्या निम्मीही नव्हती. कुणीतरी छत्रीचं काळं कापड उसाच्या टिपऱ्याला बांधून आणलं होतं. चिमाजी अण्णांना मी येऊ नका म्हटलं होतं, म्हणून ते आधीच येऊन बसले होते. गर्दी बघून ते खिचडीच्या खोलीत गेले आणि आतून कडी लावली. गोकुळ सर भारतात जाऊन उभे राहिले आणि तिथून हलेनात.

आबा सगळ्यांच्या पुढं. पहाटे बेल्ह्याहून तसेच निघालेले, पिशवीही हातातच.

"कोन मोजतंय? कागुद दाखवा!"

"आबा, मीच आहे. हे जग आहे."

"कुणाच्या नावावर?"

"कुणाच्याच नाही."

"आसं कसं आसंल!" मागून पाचसहा जण एकदम म्हणाले. आबा बाभळीकडे निघाले, गर्दी मागोमाग. पट्टीवरच्या पांढऱ्या रेघेपाशी ते थांबले, आणि हातातली पिशवी खाली ठेवली. "ही रेघ. बाई, ही रेघ माझ्या रानात कशी आली?"

"आबा, ते..."

"काय का आसंना. माझ्या रानात न्हाई पायजे." त्यांनी चपलेचा पाय उचलला.

"आबा, पाय घ्या!" पोरांच्या घोळक्यातून हर्षाली बाणासारखी आली आणि रेघेवर आडवी झाली. "मेंढरं हायत!"

आबांचा पाय हवेतच राहिला. म्हाताऱ्या माणसाला असं एका पायावर उभं राहणं सोपं नसतं. मी हात पुढं केला, तो त्यांनी धरला. "मेंढरं?"

"माझी. तुमीच तर ह्यो देश मागून घेतला. चारी अंगांनी पाणी, म्हनला." आणि मग ती खाली बघून पुटपुटली, "पानी आजून काढायचंय. निळा रंग न्हाई."

आबांनी पाय हळूच मागं घेतला, रेघेच्या बाहेर. शेपटाचं एक मेंढरू आडवं झालं होतं. वाकून त्यांनी ते उभं केलं.

"मंग ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले.

मला रडू यायचं ते आलं असतं, पण तेवढ्यात गर्दीतून भिमाजी पुढं आले. "बाई, इचारा त्याला, ऱ्हाऊ द्या म्हननारा ह्यो कोन? ही पट्टी माझ्या हिश्श्याची हाय."

"बाई, सांगा त्याला, बाप व्हता तवापास्नं मी कसतोय."

"बाई, सांगा त्याला, पडीक कसत नसत्यात! जागा माझी, आन् मी ती शाळंला देतो."

"तू कोन देनार? मी आधीच दिली!"

बांधालगतच्या ज्या पट्टीवरून दोन घरं एकमेकांच्या दारात जात नव्हती, ती आता दोघंही सोडायला निघाले होते आणि त्यावरूनही भांडत होते. मी मध्ये उभी राहून इकडचं तिकडं सांगत होते. खरं तर दोघांना एकमेकांचं स्वच्छ ऐकू येत होतं. आणि याच वेळी माझ्या मागून एक मऊ आवाज आला.

"लोकसहभाग बराच दिसतोय."

प्रतिभा मॅडम. केसांत धूळ, एका हातात तुटलेली चप्पल. त्यांची गाडी वस्तीच्या फाट्यावरच अडवलेली होती. पुण्याची गाडी म्हणजे जमीन घेणारे साहेबच, असं लोकांचं पक्कं झालं होतं. तिथून पायी येताना ठमाबाई त्यांच्यासोबत होत्या, आणि वाटभर त्यांनी मॅडमना, जमिनी घेतल्या तर आम्ही खायचं काय, हे तुमच्या आईला जाऊन इचारा, असं सांगत आणलं होतं.

"एवढे पालक कसे जमवलेत?" मॅडमनी विचारलं. आवाज इतका मऊ, की मला माझं केंद्र बंद झालेलं डोळ्यांपुढं दिसलं. एकच वाक्य बोलायचं होतं. घरोघरी जाऊन बोलावलं, म्हणायचं. कुणी नाही म्हणालं नसतं. सर तर भारतातून मला मानेनं तसंच सुचवत होते. पण भीती फार झाली की माझ्या तोंडून नेमकं खरं बाहेर पडतं.

"मॅडम, मी नाही जमवले. ते मला हाकलायला आलेत."

मॅडमनी हातातली चप्पल खाली ठेवली. तेवढ्यात भिकाभाऊ पुढं झाले.

"म्याडम, तुमी वरनं आलाय ना? मंग येक करा. ह्या बाई नुसत्या बघू म्हनत्यात. मंगोलियाच्या वाटंचं काय?"

"कुठल्या?"

"ह्यो काय." भिकाभाऊ त्यांना हाताला धरल्यागत नकाशात घेऊन गेले. "ह्यो माझ्या पोराचा. वर भिमाजी, खाली चीन. समिंदरापत्तूर जायला वाट न्हाई. पिकलं तरी न्यायचं कुठनं?"

"माझ्यातनं न्हाई जायचं," भिमाजी रशियातून म्हणाले. ते केव्हा तिथं जाऊन उभे राहिले कुणी बघितलं नाही.

"तात्या, जाऊ द्या की," शौर्य म्हणाला, "आपल्याकडं लई मोकळी जागा हाय."

"गप. येकदा वाट दिली की ती कायमची वहिवाट व्हती."

"कडेकडेनं दिली तर?" मॅडमनी विचारलं. त्या अनवाणीच मंगोलियात उभ्या होत्या.

"कडंनं म्हंजे किती फुटी? बैलगाडीची का ट्रॅक्टरची? आन् पावसाळ्यात चिखुल झाला तर मुरूम कुणी टाकायचा?"

यावर मग सगळेच बोलायला लागले. ज्यांना समुद्र होता ते एका बाजूला, ज्यांना नव्हता ते दुसऱ्या. काळ्या कापडवाल्यानं ते खाली ठेवलं आणि आपल्या पुतणीला कुठला देश आलाय याची चौकशी केली. ठमाबाईंना नातीनं ब्राझीलचं जंगल दाखवलं. त्या म्हणाल्या, एवढं जंगल आसंल तर बिबटंबी आसनार, पोरीला येकटी सोडू नका. न्यूझीलंडच्या कडेला आबा एकटेच उकिडवे बसून हर्षालीला विचारत होते, मेंढरं पाण्याला कुठं नेतीस. खिचडीच्या खोलीचं दार किलकिलं झालं आणि अण्णांचं डोकं बाहेर आलं. वाटेची रुंदी निघाली होती. त्यांना आत राहवेना.

मॅडम जायचं नावच काढेनात. शाळा सुटायची वेळ होऊन गेली. मी चहा दिला, तो मुलींच्या शौचालयापाशी, म्हणजे ऑस्ट्रेलियात, कठड्यावर ठेवून त्या विसरल्या. मला एकदाही काही विचारलं नाही. माणूस ओरडलं तर बरं असतं. मी भूतानमध्ये उभी राहून, नख खात, त्यांच्या चेहऱ्यावरून माझं पुढचं वर्ष वाचायचा प्रयत्न करत होते. हाताची नखं संपली.

अखेर मंगोलियाला वाट मिळाली. कडेनं, एका ट्रॅक्टरची, मुरूम निम्मा निम्मा, आणि भिमाजींच्या ऊसतोडीच्या वेळी बंद. न्यूझीलंड कुणी दिला हे ठरलं नाही. दोघांनी मिळून दिला असं म्हणायला दोघंही तयार नव्हते, म्हणून तो तूर्त तिथंच राहील असं ठरलं.

मॅडमच्या चपलेला दोरी बांधून दिली, त्यांची गाडीही आता फाट्यावरून शाळेपर्यंत सोडली. निघताना त्या सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, "हे मी आमच्या कुठल्याच शाळेत बघितलेलं नाही." मग थोडं थांबून, "फाट्यावर माझी गाडी अडवली, तेही नाही." आणि पहिल्यांदाच नेहमीच्या, मऊ नसलेल्या आवाजात म्हणाल्या, "केंद्र चालू राहील. तुम्हीच चालवा. दिवाळीनंतर याच नकाशात नद्या काढा."

'चालू' एवढंच मला ऐकू आलं. पण बाकीच्यांना पुढचा 'नद्या' हा शब्द ऐकू आला होता, आणि ग्राउंड एकदम शांत झालं. आमच्याकडे कालव्याला पाणी सुटायचं असलं की गावं अशीच शांत होतात.

आबा उठून उभे राहिले. भिमाजी रशियातून चालत आले. दोघं शेजारी शेजारी उभे राहिले, आणि आबा माझ्याकडे न बघता, मध्ये कुणालाही न घालता, सरळ म्हणाले, "भिमाजी, इचार बरं बाईस्नी, पाणी आधी वरच्याला का खालच्याला?"

"वरच्याला दिलं तर खाली काय येनार, रखमाजी? कप्पाळ?"

"त्येच म्हनतोय मी."

दोघंही माझ्याकडे वळले. त्यांच्या मागं भिकाभाऊ, ठमाबाई, काळ्या कापडवाला, अख्खी वस्ती. गाडीत बसता बसता मॅडमही थांबल्या. गोकुळ सरांनी भारतातल्या भारतात एक पाऊल मागं घेतलं.

"बोला बाई," आबा म्हणाले, "पाळी कशी ठरनार?"

मी पदर सारखा केला. घसा खाकरला. आणि ज्या आवाजात आजवर सगळ्या कचेऱ्यांनी मला परत पाठवलं होतं, तोच आवाज माझ्या गळ्यातून आपोआप आला.

"विषय विचाराधीन आहे," मी म्हटलं, आणि लोकांनी माना डोलावल्या, तेव्हा मला खरं वाटलं की माझी नोकरी राहिली.